राहुकाळातली तारीख

शुक्र. ७ जून
रेणुका आली नाही. काल फोनवर "येते अण्णा, नक्की येते" म्हणाली होती. आमच्या गटाचं काम एवढंच: जामिनावर सुटलेल्यांना तारखेची आठवण करायची, हवं तर कोर्टात सोबत बसायचं. या कानडी मुलखात घरी मराठी बोलते म्हणून ही माझ्या वाट्याला. आमच्या वकील सुमतीबाईंनी न्यायाधीशांना दुसऱ्या पुकाऱ्यापर्यंत कसंबसं रोखून धरलं. शेवटी वॉरंट निघालं. आणि जेवणाच्या सुट्टीत बाई घामाघूम हजर! चारचौघांत ओरडलो तिच्यावर.
न्यायाधीश गुरुवारपर्यंत रजेवर. पुढच्या शुक्रवारी स्वतः उभी राहिली तर वॉरंट रद्द व्हायची आशा. नाहीतर जामीन जाणार आणि परत तुरुंग. तोवर पोलीस केव्हाही उचलू शकतात.

शनि. ८ जून
येलहंक्याला तिच्या घरी. पूर्वी बेळ्ळंदूरच्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला होती, तिथली सोन्याची साखळी चोरल्याचा आरोप. घेतली की नाही, मी विचारत नाही. गटाचा नियम.
सासू अंथरुणाला खिळलेली. नणंद सकाळी कामावरून परतल्याशिवाय रेणुकाला हलता येत नाही. आणि शुक्रवारी नणंद येईतो राहुकाळ लागतो.
"राहुकाळात उंबरा कसा ओलांडू अण्णा? त्यात कोर्टाचं काम. स्वल्प थांबले, संपल्यावर निघाले."
"कोर्ट राहुकाळ बघत नाही!"
"म्हणून तर मी बघते."
डोकंच फिरलं. शेजारणीला बसवून लवकर नीघ म्हटलं, तर सासू म्हणे परक्या हातचं पाणीही घेत नाही.

सोम. १० जून
गटाची बैठक, बसवनगुडीत, आमच्याच हॉलमध्ये. सगळ्यांचं एकच, तिला नीट समजावा. समजावून झालंय हो! घसा बसला माझा.
सौ. कॉफी घेऊन आली, म्हणाली, "अहो, प्रस्थान ठेवायला सांगा की तिला. आदल्या दिवशी चांगल्या वेळेला पिशवी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. प्रवास तिथेच सुरू झाला. मग दुसऱ्या दिवशी कधीही निघा."
मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही. सुमतीबाई तर वहीत लिहून घेत होत्या.

बुध. १२ जून
केला फोन. जन्मभर असल्या गोष्टींची टिंगल केलेला मी, प्रस्थान समजावून सांगतोय! पलीकडून खळखळून हसणं. "अण्णा, आमची आजी ठेवायची! माझ्या कसं ध्यानात आलं नाही?" तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं.

गुरु. १३ जून
सौ.ला घेऊन येलहंका. तिनं पंचांग बघून वेळ काढली. पिशवीत उद्या नेसायची साडी, सुपारी. समोरच्या घरी ठेवून दोघी परत आल्या, तेव्हा रेणुकाचा चेहरा जरा सैल झाला होता. पोलीस अजून फिरकले नाहीत. तरी गल्लीत गाडी वाजली की ती बोलता बोलता थांबते.
"अक्का, मला नेलं तर अंथरुणावरच्या अत्तेला भरवणार कोण?"
सौ. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं.

शुक्र. १४ जून
पहिला पुकारा. नाही. सुमतीबाई उभ्या राहून वेळ मागतायत. देवाला मानत नाही, तरी काहीतरी पुटपुटत होतो. काय ते आता आठवत नाही.
दुसरा पुकारा व्हायच्या आत आली! धापा टाकत, नीट साडी नेसून. भर राहुकाळात निघाली होती. मला ओलांडून सरळ पुढे जाऊन उभी राहिली. न्यायाधीशांनी झापलं, पुन्हा चुकलात तर सोडणार नाही म्हणाले. वॉरंट रद्द. डोळे भरून आले, लपवले नाहीत.
जुलैत साक्षी. फ्लॅटची मालकीण येणार. काय होईल, सुमतीबाईही सांगू शकत नाहीत.
पायऱ्या उतरताना रेणुका म्हणाली, "अण्णा, आमच्या मागच्या गल्लीत मुनियम्मा आहे. तिच्या नवऱ्याची तारीख चुकली, भीतीनं घरात दडून बसलाय. आणू त्याला?"
"येईल तो?"
"तुम्ही नका येऊ. तुम्ही ओरडता. मी जाते."