बाबांचं जाळं आणि आमचं दुधाचं पातेलं

ती. शिवरामदादांस,

जुईनगरहून अंकुशचा नमस्कार. तिकडे मोऱ्याला सगळे बरे असतील, वहिनींची धरलेली कंबर आता वाकू लागली असेल (चांगल्या अर्थानं). इकडची खुशाली विचारू नका. फरशी पुसून पुसून हात भरून आलाय, म्हणून अक्षर असं.

तुमचे वडील, म्हणजे आमचे सासरे हिरामणबाबा, डोळ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे आरामाला आले, ते जाळं घेऊनच. आराम म्हणजे काय, तर पावणे गावातल्या भंगारवाल्याकडून शिसं आणायचं, आमच्या दुधाच्या पातेल्यात गॅसवर वितळवायचं, गोळ्या ओतायच्या आणि जाळ्याच्या दोरीवर दातांनी दाबून बसवायच्या. आजोबांचं बघून आमची सोनमही गोळी गालात धरून हिंडायची. (हीच पोरगी औषध भिंतीवर थुंकते.) तिचं पोट सारखं दुखायचं, आम्ही आपले जंतांचं औषध देत बसलो. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, तर त्यात शिसं निघालं. वाढलं तर पोरीच्या डोक्यावर परिणाम होईल म्हणाले.

तेव्हापासून घरात केरसुणी बंद (झाडलं की शिशाची धूळ उडते). कामावरून आलो की मी ओल्या फडक्यानं फरशी पुसतो, आणि सोसायटीभर बातमी आहे की बायकोनं मला कामाला लावलंय. तुमची बहीण ज्ञानेश्वरी खेळणी धुते, बाबांचे कपडे वेगळे धुते, सोनमचे हात धुवायला गेली की पोरगी पलंगाखाली. वर बाबांचं चालूच, "जल्ला तो डाक्टर! माजा बापूस जलमभर शिसा दातानं दाबी, त्याला काय झाला?" (बाबांच्या त्याच वडिलांना म्हातारपणी घरची माणसं ओळखू येत नव्हती, हे ज्ञानेश्वरीनं मला स्वयंपाकघरात सांगितलं.) मी दमलो, दादा. रविवारी येऊन बाबांना घेऊन जा, एवढी विनंती.

तुमचा,
अंकुश

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं. काल बाबा आमच्याबरोबर दवाखान्यात आले. सुई टोचताना सोनम त्यांनाच बिलगली. घरी आल्यावर त्यांनी जाळ्याच्या सगळ्या गोळ्या कापल्या आणि भंगारवाल्याला परत देऊन आले. आता ते जाळं पाण्यात बुडायचं नाही, हे मी त्यांना काय सांगणार?

ता. क. २. बाबांना नेऊ नका. ते साबण लावतात तेव्हाच सोनम लावते, आमचं कोणी ऐकत नाही. तुमच्या पडवीतल्या जाळ्यांचं मात्र आजच बघा, तुमचा धाकटाही आता रांगतोय. आणि रविवारी भेटायला येताना दुधाला एक नवं पातेलं आणा.