बंदूक ठेवायची तर

नाना,

मस्कतजवळच्या बरक्याहून मासे घेऊन तासाभरापूर्वी घरी पोचलो. मासे सिंकमध्ये तसेच ठेवून तुम्हाला लिहायला बसलो आहे. (हो, मी मासे खातो. तुम्हाला ते माहीत होतं; तुम्ही फक्त कधी विचारलं नाहीत, आणि तेवढ्यावर आपला दोघांचा धर्म राहिला.) तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे उत्तराला उशीर झाला म्हणून क्षमा मागण्यात काही राम नाही. पण तुम्ही मला फोनवर एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचा अर्थ मला आज, एका किराणा दुकानात, तांदळाच्या पोत्यावर बसून कळला. वर्गातल्या मुलांना तुम्ही 'मंद' म्हणायचात आणि मला 'जड'. हा पक्षपात आहे असं मला लहानपणी वाटायचं. आज वाटतं, ते निदान होतं.

दुकान रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांचं आहे. खाडीकाठचं गाव, वीस-बावीस वर्षं इथे. मी मासळीबाजारातून निघालो की त्यांच्याकडे आमसुलं आणि चहा, असा शिरस्ता आहे. आज त्यांनी चहा हातात दिला आणि म्हणाले, "सर, एक काम हाय तुमच्याकडं. अब्बांचा व्हिसा झाला. आता खलास, त्यांना कायमचं इकडंच आणतो. पण घरात बंदूक हाय त्यांची. डुकरांसाठी घेतलेली, लायसनची. ती ठेवायची तर अर्ज लागतो म्हणतात. तुम्ही संस्कृतवाले, तेवढा शुद्ध मराठीत लिवून द्या."

मी मास्तराचा मुलगा. सवयीने विचारलं, "ठेवायची म्हणजे? इथे आणून बाळगायची?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. "अहो सर, माणूस घर सोडून चाललाय. तो बंदूक ठेवणार म्हंजे काय, उशाशी घेऊन झोपणार? पोलीस ठाण्यात ठेवणार! येवढं शिकून काय केलंत तुम्ही?"

मी गरम चहा तसाच घोटला आणि जीभ भाजून घेतली.

नाना, आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी तुमचा फोन आला होता. मी ऑफिसात होतो, इथेच मस्कतच्या अल् खुवैर भागात. तुम्ही कामाच्या वेळी कधी फोन करत नसा, त्यामुळे मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. काजूचं बोलणं झालं, डुकरांनी सुरण उकरल्याचं झालं. मग तुम्ही घसा खाकरलात आणि म्हणालात, "अरे, तिकडे यायचं तर बंदूक ठेवायचा कायदा काय आहे, तेवढं बघून कळव." आणि मी काय बोललो ते मला शब्दशः पाठ आहे, कारण नंतर ते मी अनेकांना ऐकवलं. मी म्हणालो, "नाना, इथले लोक कमरेला खंजीर लावून लग्नाला जातात ते वेगळं. तुम्ही बंदूक घेऊन विमानातून उतरलात तर त्यांना वाटेल पोर्तुगीज परत आले!" तुम्ही हसलात. हसणं जरा आखूड होतं. "बरं, राहिलं मग," म्हणालात आणि पावसाचं विचारलंत, जसा काही मस्कतला पाऊस पडतो.

कायदा मी पाहिलाही नाही. परक्या माणसाला इथे बंदूक बाळगायला मिळणार नाही हे गृहीत धरलं, आणि ते बरोबरच असावं. माझं उत्तर चुकलं नव्हतं, मी ऐकलेला प्रश्न चुकला होता. दोन वर्षांनी शेजारच्यांचा फोन आला. पडवीत खुर्चीवरच गेलात म्हणाले. त्यानंतर मराठी मंडळींत बापांच्या हट्टीपणाच्या गोष्टी निघाल्या की मी ही सांगायचो: आमच्या वडिलांनी मुलापेक्षा बंदूक पसंत केली, बंदुकीवाचून मस्कतला येईनात. लोक हसायचे. मला गोष्ट सांगता येते, हा तुमचाच वारसा.

आज त्या गृहस्थांना म्हटलं, नमुना माझ्याकडे आहे, घरून आणून देतो. तुमचे दिवस झाल्यावर बंदूक मीच पोलीस ठाण्यात नेऊन दिली होती, आणि त्या अर्जाची प्रत तुमच्या रेक्झिनच्या फाईलमध्ये घालून ती फाईल इकडे आणली होती. नऊ वर्षांत ती उघडायचं कारण पडलं नाही. आज उघडली. माझ्या अर्जाची प्रत वर होती. खाली निवडणुकांच्या वेळी बंदूक जमा केल्याच्या ठाण्याच्या पावत्या, तारखेनुसार लावलेल्या. दर निवडणुकीला तुम्ही एसटीने तालुक्याला जायचात आणि संध्याकाळी चपला काढत आईला सांगायचात, "बंदूक ठेवून आलो गं." हे मी किती वेळा ऐकलं असेन? आणि पावत्यांच्या खाली, आखीव कागदावर, तुमच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात: 'मा. ठाणे अंमलदार यांस. अर्जदार हा मुलाकडे ओमान येथे कायम राहावयास जात असल्याने परवान्यावरील बंदूक आपणाकडे ठेवावयाची आहे.' तारखेची जागा कोरी. पत्त्याच्या जागी 'मु. पो. मस्कत' एवढंच, पुढे माझा घरक्रमांक येईल म्हणून सोडलेली मोकळी ओळ.

तुम्ही मला सातवीत मार दिला होता तो आठवतो? मार म्हणजे शब्दांचाच. आपण स्वयंपाकघरात जेवत होतो आणि तुम्ही 'सैन्धवम् आनय' म्हणालात. 'सैन्धव' म्हणजे मीठही आणि सिंधुदेशचा घोडाही, हे मी नुकतंच शिकलो होतो, म्हणून शहाणपणाने म्हणालो, "घोडा आपल्याकडे नाही." आई हसली. तुम्ही नाही हसलात. "जेवायला बसलेला माणूस मागतो तेव्हा मीठ, प्रवासाला निघालेला मागतो तेव्हा घोडा. शब्दाकडे काय बघतोस? माणूस कुठे निघालाय ते बघ." त्याच न्यायाने पुढे मी शास्त्री झालो आणि मग, पोटासाठी, इथे कंपनीच्या करारांची भाषांतरं करणारा. शब्दाचा अर्थ प्रकरणावरून लावायचा याचाच मला पगार मिळतो. आणि तुम्ही पायांत चपला घालून दारात उभे होतात, तेव्हा मी मीठ घेऊन आलो.

तुमचं काम मघाशी केलं. परवानाधारक बाहेर राहायला जात असेल तर त्याने बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती घ्यावी. शोधायला पाच मिनिटं लागली. त्यातली दोन चष्मा शोधण्यात गेली. दुकानदारांच्या वडिलांसाठी तुमचाच मसुदा उतरवून काढला आहे, फक्त 'ठेवावयाची' खोडून 'जमा करावयाची' केलं. तुमच्या मराठीत मी केलेली ही पहिली दुरुस्ती. सोमवारी म्हातारबुवा उतरतायत. गाडी घेऊन विमानतळावर येऊ का, असं फोनवर विचारलं, तर दुकानदार म्हणाले, "इन्शाल्ला, या की. तुम्हाला काय, अब्बा माझे आन् घाई तुम्हाला!"

हे पत्र आता फाईलमध्येच जाईल, तुमच्या अर्जाच्या मागे. पण जायच्या आधी एक. न समजल्याचं जे वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. जिन्यात उभा होतो तेव्हा आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत लेकीचं दहावीचं वर्ष मांडलेलं होतं. तुमच्या सुनेने तुमच्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं, ती तर तुम्हाला बोलवा म्हणायची. तुम्ही घसा खाकरलात, प्रश्न विचारलात, आणि माझं उत्तर येईपर्यंत एक श्वासभर वेळ गेला. तेवढ्या श्वासात मला दोन्ही अर्थ दिसले होते, नाना. त्यातला जो मला सोयीचा होता, तो मी धरला.