नाव सांगितल्याबिगर

रिठद, फागुन महिना

प्रिय शालिकराम,

तुझं पाळकाचं शिक्षण कसं चालू हाये ते पुसत नाही, तुझ्या पत्रात तेच असते. माझं अक्षर वाकडं हाये, लावून घे.

रूपलाची पोरगी पंचफुला आता आपल्या घरी हाये. तिले दिवस गेले तवा मंडळीच्या पंचाईनं चर्चात उपासनेत सगळ्याईसमोर उभं केलं अन् लेकराच्या बापाचं नाव इचारलं. तिनं सांगितलं नाही. उकंडराव पंच म्हणे, नाव सांगशीन तवाच मंडळीत ये. रूपलानं त्याच दिशी पोरीले घराबाहेर काढलं. मळ्यात वांग्याच्या वाफ्यापाशी बसली होती, मी हात धरून घरी आणली.

प्रभुभोजनाची भाकर माझ्याच चुलीवरची असते, तुले ठाऊक हाये. बाशीमचा पाव इथं येईलोक लाकूड होते, म्हणून पाळकसाहेबाईनंच ज्वारीची ठरवली. पोरगी बाळंत झाली अन् उकंडरावानं माझी भाकर दारातूनच परत केली. म्हणे, बाळंतिणीचा विटाळ हाये. बाप्तिस्मा घेतला तवा विटाळ नदीत सोडला म्हणून हाच माणूस गावभर सांगत फिरे. मी इचारलं, "मरियेच्या बाळंतपणाचा विटाळ गोठ्यात किती दिस धरला होता, भाऊ?" बाया पदरात हासल्या, पण भाकरीले कोणी हात लावला नाही. घरी येऊन तीच भाकर दुधात चुरून पंचफुलेले चारली. पाप केलं असं वाटलं. मंग वाटलं, अशाइच्यासाठीच तं होती.

पोरगं अशक्त निपजलं. दूध ओढे ना. तुझ्या बाबानं दवाखान्यात न्यायले बंडी जुंपली, पण वाटेतच गेलं. मंडळीच्या कबरस्तानात जागा भेटली नाही, बाप्तिस्मा नाही अन् बाप नाही म्हणून. बाबानं मळ्याच्या बांधाले खड्डा केला. प्रार्थना म्हणायले कोणी आलं नाही. मी सुरू केली, पण अर्धीच म्हणली. पंचफुला रडली नाही, माती लोटत बसली. देव आयकते का, मले त्या दिशी कोणी इचारलं असतं तं सांगता आलं नसतं. तू शिकून राह्यला, तुले माहीत असन.

काल पाळकसाहेबाईनं सांगितलं, ईस्टरले तुझा पयला उपदेश आपल्याच मंडळीत हाये. उकंडराव आतापासून मांडवाचं बोलून राह्यला. घरी येऊन मी पंचफुलेले म्हणलं, बाई, आता तरी नाव सांग, तुले परत आत घेतीन. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणे, "त्याईचं शिक्षण पुरं होऊ द्या, मामी." आपल्या मंडळीतून शिकायले गेलेला एकच हाये. बाबाले अजून सांगितलं नाही, ते तुझ्या तोंडून आयकू दे त्यायले. तिले उभं केलं होतं तिथं तू आधी उभा राह्य, नाव सांग, अन् मंग शास्त्र उघड. सगळे उठून गेले तरी मी बसून आयकीन. तेवढं होत नसन तं घरी ये, जेव, पण उपदेशाले उभा राहू नको, मी आयकाले येणार नाही.

कसाही आला तरी तुझीच,
आई