न निघणारा वाघ

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कपाळ वगळून. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून खोकून खोकून शेजाऱ्यांना जागं करतात? इकडे आम्ही सगळे ठणठणीत. फोन सोडून हा पत्र का लिहीत बसला, असं तुला वाटेल. फोन केला की तू लगेच 'चेहरा दाखव, वाळलास का बघू' म्हणतेस, आणि सध्या मला चेहरा दाखवता येत नाही. घाबरू नकोस. पडलो नाही, धडपडलो नाही, मारामारीही केलेली नाही. उलट बातमी इतकी आनंदाची आहे की अक्षर एका ओळीत राहत नाही: तुझ्या झिपरीची पहिली ऑर्डर पार पडली! पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू म्हणशील, हा लहानपणापासून गोष्टीचं शेपूट आधी हातात देतो.

तुझी अट मला तोंडपाठ आहे. तुझ्या लेकीनं आमच्याकडे राहून शिक्षण संपवलं आणि जाहीर केलं की मला नोकरी नको, मी मुलांचे चेहरे रंगवण्याचा धंदा करणार. तेव्हा तू म्हणालीस, एक ऑर्डर करून दाखव, एकाही आईबापाची तक्रार आली नाही तर पुढे बघू. आली तर मुकाट्यानं भाऊजींच्या मित्राच्या ऑफिसात हिशेब लिहायला जायचं. इथवर ठीक होतं. पण वर तू मला म्हणालीस, तू रंगाच्या धंद्यातला, सामान तू निवडून दे. ताई, हे तू बोलायला नको होतंस. भिंतींचे रंग विकता विकता माझे केस पिकले, पण घरातल्या कुणी मला आजवर रंगाबद्दल एक शब्द विचारलेला नाही. (आमच्या बैठकीच्या खोलीचा रंगसुद्धा हिनं माहेरी विचारून ठरवला.) मला असा काही हुरूप आला की दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही मामा-भाची नाटकाचं सामान मिळतं त्या दुकानात हजर.

काय ते दुकान! भिंतभर दाढ्या-मिशा टांगलेल्या, काचेच्या कपाटात नाकं मांडलेली (विकायला! लहान, मध्यम, मोठी!), आणि गल्ल्यामागे एक बाई, भुवया इतक्या रेखीव की त्यांच्यापुढे आवाज चढवायची छाती होईना. झिपरीला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. पाण्यात कालवायच्या रंगांच्या वड्या, गोल टोकाचे आणि बारीक टोकाचे ब्रश, अर्धगोल स्पंज, कातडीला चालणारी चमकी, पुसायला मऊ फडकी. प्रत्येक रंग ती आधी स्वतःच्या मनगटावर आतल्या बाजूला लावायची आणि थांबायची, आग होते का, खाज येते का ते बघायला. मला हा शुद्ध वेळकाढूपणा वाटला. आम्ही भिंतीला कधी विचारतो का, बाई गं, तुला खाज येते का? मग मी माझ्या पद्धतीनं चौकशी सुरू केली. एका डब्यात किती चौरस फूट होतं? आधी पुट्टी भरायची की थेट प्रायमर मारायचा? रंगाचा दुसरा हात केव्हा द्यायचा? बाईंच्या रेखीव भुवया हळूहळू केसांकडे निघाल्या. शेवटी मी मुद्द्याचं विचारलं, टिकतो किती? तर त्या अगदी अभिमानानं म्हणाल्या, ओल्या फडक्यानं झटक्यात निघतो.

झटक्यात निघतो! ताई, माझ्या दुकानावरची पाटी तू पाहिली आहेस: 'एकदा लावा, नातवंडांना दाखवा.' पाण्यानं जाणारा रंग विकणाऱ्याला आमच्या बाजारात जे म्हणतात ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. आपल्या पोरीचा धंदा असल्या कच्च्या मालावर उभा राहणार? छे! म्हणून ती सामान बांधून घेत होती तेवढ्यात मी गुपचूप पलीकडच्या कपाटाकडे सरकलो. तिथे नटांचे तेलकट रंग होते, घाम येवो, रडारड होवो, पडदा पडेपर्यंत जागचे न हलणारे. वाघापुरते चार निवडले. बाई म्हणाल्या, सोबत हे काढायचं द्रावण न्या, साबणाला हा दाद देत नाही. मी नुसता हसलो. रंग घेतानाच तो काढायचं औषध घेणं म्हणजे लग्न ठरवतानाच वकील गाठणं. मान ताठ ठेवून बाहेर पडलो.

ऑर्डरच्या आदल्या दिवशी झिपरी म्हणाली, मामा, सरावाला बस. मी बसलो, आणि माझे डबे पुढे केले. तिनं डबा उलटा करून वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मामा, नक्की? मी म्हटलं, नक्की म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ! मग तिनं वाघ काढला. काय वाघ काढला गं! मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. आरशात बघून माझा मीच दचकलो. संध्याकाळपर्यंत मी गॅलरीत येरझारा घालत होतो, आणि मग तोंड धुवायला गेलो. साबण झाला, तेल झालं, दाढीचा फेस झाला. वाघ तसाच, उलट जास्त तुकतुकीत. टर्पेंटाइनची बाटली उघडली तेव्हा मात्र झिपरीनं ती हिसकावून घेतली. 'मामा, ही भिंत नाहीये!' एवढंच म्हणाली. बाकी फार काही बोलली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलखुर्ची दुकानाच्या टेम्पोतून पोचवायची होती, आणि टेम्पो चालवणार मीच. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा वाढदिवस. (त्यांनी वाघ बघितल्यावर सवयीनं आधी दातांकडे नजर टाकली.) पोरांनी मला बघून जो कल्ला केला! झिपरीच्या खुर्चीपुढे रांग लागली, मी फुगलो. आणि तेवढ्यात दोन शेंड्यांच्या एका चिमुरडीनं माझ्या गालावर बोट घासलं, बोट निरखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, 'यांचा रंग निघतच नाही!' झालं. आयांनी आपापली पोरं मागे ओढली. एक बाप म्हणाला, उद्या शाळा आहे हो. रांग बघता बघता विरली. पोरीनं ब्रशही उचलला नव्हता आणि माझ्या हट्टापायी तिचा धंदा बुडत होता. समजावून सांगायला तोंड उघडलं, तर जवळचं एक तान्हं भोकाड पसरून रडलं.

झिपरी मात्र शांत. तिनं स्वतःच्या गालावर भलंमोठं लाल फुलपाखरू काढलं, सगळ्यांना दाखवलं, आणि ओल्या फडक्यानं एका दमात पुसलं. गाल स्वच्छ. मग माझा हात धरून मला शेजारी उभं केलं. 'हा माझा रंग, आणि हा माझ्या मामाचा. मी माझाच वापरते.' सगळे हसले, आणि पहिल्या डॉक्टरीणबाई स्वतःच रंगवून घ्यायला खुर्चीत जाऊन बसल्या. मग काय विचारतेस! फुलपाखरं, ससे, मांजरी, चाचे. एक रडवेली पोर जवळच येईना, तर झिपरीनं जबरदस्ती केली नाही. तिच्या हाताच्या पंजावर एक छोटा लाल किडा काढून दिला. थोड्या वेळानं तीच पोर गाल पुढे करून हजर. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला भरून आलं. (अश्रूंनीसुद्धा रंग हलला नाही. माल अस्सल आहे.) तक्रार आली ती फक्त पोरांची, की घरी गेल्यावर हे धुवायचं का? तुझ्या अटीत पोरं नाहीत. उलट दोन आयांनी तिथल्या तिथे आपल्या घरच्या तारखा दिल्या. तेव्हा ताई, शब्द पाळ. भाऊजींच्या मित्राला कळव, मुलगी येत नाही.

भाऊजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा (पट्टेरी)

ता. क. त्या द्रावणाची बाटली सापडली. सापडली कसली, झिपरीच्या पिशवीतच होती. मी छाती काढून बाहेर पडलो तेव्हा दुकानातल्या बाईंनी तिला सगळं सांगितलं, आणि झिपरी मागे राहून बाटली घेऊन आली होती. काल सगळं आवरल्यावर तिनं ती माझ्या हातावर ठेवली. आधी का नाही दिलीस, विचारलं, तर म्हणाली, मामा, पोरं रांगेत कुणाला बघून आली?

ता. क. दुसरा. बाटली अजून उघडलेली नाही. पुढच्या ऑर्डरच्या घरून निरोप आलाय, ते वाघमामा येणार ना? तर आता खरं काम. ही शनिवारी माहेराहून येते. तिला मी सांगितलेलं पटत नाही, तुझं पटतं. तिला एवढंच सांग, की दर रविवारी दुकान मुलगा बघेल आणि मी झिपरीच्या धंद्यात जातोय. आणि मी दार उघडल्यावर ओरडू नकोस म्हणावं.

ता. क. तिसरा. झिपरीनं पत्र वाचलं. म्हणते, मामाला घ्यायचं की नाही ते एक ऑर्डर बघून ठरवीन. एकाही आईबापाची तक्रार आली नाही तर पुढे बघू, आली तर मुकाट्यानं भिंती. ताई, पोरगी तुझ्यावर गेली आहे.