साठ साखळ्यांवरची विहीर

मी शेख रहेमान वल्द शेख मन्सूर, वय अंदाजे सदुसष्ट, पूर्वी सर्व्हे पार्टीत साखळी ओढणारा खलाशी, हल्ली शेतांची मोजणी करणारा, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, अल्लाचं नाव घेऊन हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही, चहा पाजून फितवलेलंही नाही.

१. घर, अंगणातली विहीर आणि पोस्टातली थोडी शिल्लक, एवढीच माझी मिळकत. आमच्या शरियतीप्रमाणे तिसऱ्या हिश्श्यापलीकडे मला मर्जीने देता येत नाही. बाकीचं पत्नी कमरुन्निसा आणि मुलगा रहमत यांना रीतीप्रमाणे जाईल. शिवणयंत्राला मात्र कोणी हात लावू नये. ते कमरुन्निसाने स्वतःच्या मेहनतीने घेतलेलं आहे, माझं कधी नव्हतंच.

२. माझ्या तिसऱ्या हिश्श्यातून मी विहीर आणि रस्त्यापासून विहिरीपर्यंतची आठ हात रुंद वाट मोहल्ल्याच्या पाण्यासाठी देतो. रहमतने भिंतीसाठी विटा आणून ठेवल्या आहेत. "अब्बा, सारा मोहल्ला आपल्या अंगणातून घागरी नेते, हे बरं दिसते काय?" असं तो म्हणाला, तेव्हा मी हसून टाळलं. शेजारच्या रामीबाईने त्या विटा पाहिल्या. तेव्हापासून ती पाणी नेते, पण माझ्याशी बोलत नाही. रहमत, तू वाईट नाहीस. मी काहून नको म्हणतो ते तुला कधी सांगितलं नाही. तोंडाने सांगवलं नाही, म्हणून लिहितो.

३. पहिल्या मोठ्या लढाईनंतर तुर्कांचं राज्य फाटलं आणि इराक नवा देश झाला. दोघांची हद्द कुठून जावी यावर बरीच वर्षं ओढाताण चालली, मग १९२६ साली तह झाला. तह मोठ्या लोकांनी मेजावर केला. कागदावरची रेघ डोंगरात नेऊन खुंटी ठोकायचं काम आमच्यासारख्यांचं. इराक तेव्हा इंग्रजांच्या हाताखाली होता, म्हणून हिंदुस्थानातली आमची सर्व्हे पार्टी तिकडे नेली; दुसऱ्या साली मी तिथे होतो.

मोजणीची साखळी ओढून ओढून तिच्या कड्या उघडतात आणि ती लांब होते. म्हणून रोज सकाळी छावणीतल्या दोन पक्क्या खुंट्यांमध्ये ती ताणून पाहायची आणि खलाशाने मोठ्याने सांगायचं, "बरोबर." एका खांबाची जागा मोजायची होती त्या सकाळी मी जवळच्या एका घरी होतो. तिथली म्हातारी चार दिवस मला गरम भाकर खाऊ घालत होती. एकमेकांची भाषा सलामापुरती येत होती, पण आई जेवू घालते तशी ती समोर बसून राही. खाण्यात उशीर झाला. धावत छावणीत आलो आणि साखळी न ताणताच ओरडलो, "बरोबर."

तुर्कांकडच्या एका खडकापासून साठ साखळ्यांवर खांब, असं कागदात होतं. साठ मोजल्या, खुंटी ठोकली. संध्याकाळी साखळी ताणून पाहिली तर वीतभर जास्त. साठ विती म्हणजे तीस हात. खुंटी तीस हात पुढे गेली होती आणि त्या तीस हातांत म्हातारीची विहीर होती. घर इराकात राहिलं, विहीर तुर्कस्तानात गेली.

साहेबाला सांगायला किती वेळ लागला असता? नोकरी जाईल म्हणून जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप दुसरी साखळी घेतली. खुंटीच्या जागी दगडाचा खांब आला, पाठोपाठ शिपाई आला. म्हातारी पाणी काढायला आली, तर त्याने तिला परतवून लावलं. ती माझ्याकडे आली. एवढ्या माणसांत तिच्या ओळखीचा मीच. विहिरीकडे हात करून विचारत राहिली. मी म्हणालो, "अल्लाची मर्जी." एवढं तिला कळलं. तिने मान हलवली, हातातला तांब्याचा पोहरा माझ्याजवळ ठेवला आणि निघून गेली. तिच्या आता काय कामाचा? अल्लाचं नाव मी इतकं खोटं पुन्हा घेतलेलं नाही.

४. तो पोहरा पस्तीस वर्षं आमच्या फळीवर आहे. साहेबाने बक्षीस दिला, असं मी कमरुन्निसाला सांगितलं होतं. ती दर ईदेला तो चिंचेने घासते आणि मी बाहेर जाऊन बसतो. माझ्यामागे तो आपल्या विहिरीवर टांगावा. पहिलं पाणी रामीबाईने काढावं.

५. पार्टी मोडल्यावर ती लांब झालेली साखळी भंगारात निघाली, ती मी मागून आणली. पेटीत आहे. गावाने घाबरू नये. इथली शेतं मी दुसऱ्या साखळीने मोजली, रोज ताणून. पण लोक धुऱ्याचं, शेताच्या हद्दीचं भांडण मिटवताना "रहेमानची साखळी आहे, मग झालं" म्हणतात, तेव्हा मला मान वर करवत नाही. माझ्या मयतीत कोणी माझ्या इमानाचं बोलू नये. जुनी साखळी रहमतला.

६. सहा वर्षांत आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात गेला. तरी रामीबाई त्याच विहिरीवर येते. रहमत, एवढं राहू दे.

दारव्हा, ता. ९ मार्च १९६२
सही: शेख रहेमान वल्द शेख मन्सूर

साक्षीदारांची नोंद: वरील मजकूर आमच्यादेखत वाचला आणि मुलगा रहमत यानेही ऐकला. सही झाल्यावर रहमतने आपणहून पेटीतली साखळी बाहेर काढली. बापाच्या रोजच्या साखळीच्या मापाने अंगणात खुंट्या ठोकून ती ताणली. एक टोक बापाने धरलं, दुसरं मुलाने. रामीबाई विहिरीवर होती, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात रहमतने सांगितलं, "वीतभर जास्त."

साक्षीदार:
१. कमलाकर गोविंद मुळावकर, शिक्षक
२. प्रेमसिंग हरसिंग राठोड