तात्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या

तात्या, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून पुण्यात हृदयाच्या ऑपरेशनच्या वॉर्डातच नर्स आहे. बदली मागता आली असती, मागितली नाही. आता आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी पेशंटची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरतात. वय, शुगर, किडनीचं क्रिएटिनीन, हृदयाचं पंपिंग. मग ऑपरेशननंतर किडनी बिघडण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त, ते स्क्रीनवर येतं. त्याच्या आधीच्या फॉर्मात एक प्रश्न मी मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून वाढवून घेतला. दुखण्यावरच्या गोळ्या घेता का? का वाढवून घेतला, ते तिथे कुणालाच माहीत नाही.

तुम्हाला असलं काही लागायचं नाही. मी आठवीत असेन. पिंपरी पेंढारला एकाच्या रानात आपण खतासाठी मेंढरं बसवली होती. एक मेंढा कडेला उभा आहे, मला तो नुसता सुस्तावलेला वाटतो. तुम्ही थोडा वेळ बघता आणि म्हणता, "सकाळधरनं मुतला न्हाई ह्यो. उद्याचा दिस काय काढत न्हाई." मी म्हणते, चरतोय की चांगला. तशी तुम्ही खेकसता, "त्वांडाकडं काय बघतीस? मागनं बघ जरा!" दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढा गेला, आणि मी तुमच्याकडे बघायचंही टाळलं.

पुढे गुडघ्यांनी चालू देईना म्हणून तुम्ही मेंढरं विकलीत आणि शेतीत पडलात. ओतूरच्या मेडिकलमधली पांढरी गोळी, सकाळी एक, दुपारी एक, कितीतरी वर्षं. "ती घेतली की पाय माझं ऐकत्यात," म्हणायचात. सुट्टीला येताना कितीदा मीच आणल्या आहेत त्या. मग छातीत दुखायला लागलं, तीन नसा बंद निघाल्या. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. ऑपरेशनला तुम्ही महिनाभर तयार नव्हता. ॲडमिट झालात त्या दिवशी कॉटवर बसून मी तुमच्या कानाशी म्हटलं, "गोळ्यांचं काढू नका, तात्या. तारीख पुढे ढकलतील."

"मग ढकलू दे की."

"गावाला गेलात तर तुम्ही परत येणार नाही."

तुम्ही हसलात. "हे मातर खरं हाय."

डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुठलं औषध चालू आहे का? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, "नाही सर." त्या गोळ्या किडनीला वाईट, हे आम्हाला शिकवलेलं होतं. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मान वाकडी करून कॉटखालची लघवीची पिशवी बघत होता. "कोरडीच हाय की गं ही."

"येईल तात्या, औषध चालू केलंय."

"माझ्याशी ग्वाड बोलू नगं," एवढंच म्हणालात. त्यानंतर फक्त पाणी मागत राहिलात, आणि मला एका चमच्यावर दुसरा देता येत नव्हता. दोनदा डायलिसिस झालं. नवव्या दिवशी गेलात. आईला मी सांगितलं, हृदयानंच दगा दिला. ती अजून आल्यागेल्याला तेच सांगते.

गेल्या महिन्यात आंबेगावकडचे एक म्हातारे आले, सोबत त्यांची मुलगी. मी गोळ्यांचं विचारलं. "न्हाई ताई, कायबी न्हाई," ती इतक्या पटकन म्हणाली की मी तिला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. तिथे ती रडायलाच लागली. "पाठीसाठी घेत्यात दोन-दोन. पण तारीख जाईल ना वो!" मी डॉक्टरांना सांगितलं. तारीख गेली. गोळ्या बंद केल्या, पुन्हा तपासण्या झाल्या, धोका मध्यम आला, मगच ऑपरेशन केलं. तुमच्या वेळी जे जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं. आणि तिसऱ्या दिवशी त्यांची लघवी थांबली. आठवड्याभरात ते गेले. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, धोका कळला म्हणजे टळला असं नसतं." मुलीनं जाताना माझा हात धरला. "ताई, तुमी इचारलं म्हणून बरं. न्हाईतर जल्मभर माझ्या मनाला लागून राह्यलं असतं."

तुम्ही माझ्यामुळे गेलात, एवढं तरी मला चौदा वर्षं नक्की ठाऊक होतं. आता तेही नाही. खरं सांगितलं असतं तरी तुम्ही गेलाच असता का, हे कुठल्याच स्क्रीनवर येणार नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही, आणि हा कागद मी कुणाला दाखवणार नाही.

एक मात्र लिहिते. त्या म्हाताऱ्यांची लघवी थांबल्याचं कळलं तेव्हा त्यांची मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. आणि मला, तात्या, क्षणभर बरं वाटलं.