गोळीनंतरचा चहा

वाघोली,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सौ. पूर्वावहिनीस,

निकिताचा नमस्कार. तिकडे सगळे बरे असतील. नसते तर आईने फोनवर सांगितलंच असतं. तुझ्याबद्दल ती मला तसंही सगळं सांगते.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. आई फोन स्पीकरवर लावते आणि मध्येच उत्तरं देते, म्हणून. रोहनदादा उद्या ऑफिसला जाताना इकडे येणार आहे, त्याच्याकडे हे देते. त्याला म्हटलंय, पाककृती आहे.

आधी कामाचं लिहिते. तू लोहाची गोळी घेतेस आणि लगेच आई तुला आल्याचा चहा देते. तो बंद कर. चहामुळे गोळीतलं लोह अंगी लागत नाही, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहा दोन तासांनी घे. दुधाचा पेला आणि कॅल्शियमची गोळी यांनाही लोहाच्या गोळीपासून लांब ठेव. जेवणावर लगेच चहा नको. तू बीट खातेस, खजूर खातेस, बाबा मार्केट यार्डातून रोज ताजी पालेभाजी आणतात, आणि तरी तुझं हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नाही याचं सगळ्यांना कोडं पडलंय. मला वाटतं, निदान एक कारण त्या कपात आहे. तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारून घे, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आणि आईवर रागावू नकोस. कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की तिचा हात आधी चहाच्या पातेल्याकडे जातो.

माझं ठीक आहे. वजन वाढतंय, पाय जरा सुजतात. मटकी शिजवूनच खाते, फळं धुऊनच खाते, बाहेरचा रस बंद. सासूबाई चांगल्या आहेत, कशाला नाही म्हणत नाहीत. परवा त्यांनी शेपूची भाजी केली. आई शेपूत मुगाची डाळ घालते, त्या घालत नाहीत. मी पहिल्या घासाला रडले. अनिरुद्ध म्हणाला, "तुला भाजीचा राग आलाय की कुणाचा?" मी म्हटलं, भाजीचा. तो म्हणाला, मग भाजीची माफी मागायला हरकत नाही. सासूबाई हसल्या, मीही हसले, आणि ताटातली सगळी भाजी संपवली. पोटात बाळ असताना ताटात टाकायचं नाही, हे मला आईनेच शिकवलंय.

तसं मला सगळं आईनेच शिकवलं. मंडईत नेऊन भेंडीचं टोक मोडून बघायला, कोथिंबिरीच्या जुडीत आतून हात घालायला. शाळेत जायच्या आधी मला धान्य निवडता येत होतं. त्यामुळे आता माझे रिपोर्ट चांगले येतात. आले की मी आईला कळवते आणि ती म्हणते, "तुझं काय बाई, तुझं सगळं व्यवस्थितच असतं." आणि पुढच्या वाक्यात तू येतेस. पूर्वाला आज उलटी झाली. पूर्वाला मोरावळा आवडला. पूर्वा काल दोन पोळ्या जेवली. दोन पोळ्यांची बातमी, वहिनी. मी रोज तीन खाते, त्याची कुठे बातमी होत नाही.

मागच्या रविवारी मी आले होते. आई तुझ्याजवळ बसून तुला राजगिऱ्याची खीर भरवत होती. लहानपणी ताप आला की मला भरवायची, तशीच. मी दारातच चप्पल काढायच्या निमित्ताने उभी राहिले. मग जेवताना तू तुझ्या वाटीतली अर्धी खीर माझ्या वाटीत घातलीस आणि म्हणालीस, "घे गं, लाजू नकोस." तू मायेनेच म्हणालीस, मला कळतं. पण माझ्याच आईच्या हातचं तू मला पाहुणीसारखं वाढलंस.

त्यानंतर तू गोळी घेतलीस, आईने चहा आणून दिला. मी बघत होते. मला माहीत होतं. तोंड उघडलं आणि मिटलं.

विसरले नव्हते. मनात आलं की घेऊ दे. हिचं रक्त वाढणार नाही, मग कधीतरी कळेल की आईचं चुकत होतं आणि निकिताला बरोबर माहीत होतं. एवढाच विचार होता, पण तो होता. घरी येताना गाडीत मी अनिरुद्धला काही सांगितलं नाही. आठवडाभर रोज तुझ्या चहाच्या वेळेला मला त्याची आठवण येते. तुझ्या बाळाच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून आज लिहिते आहे.

आता जे लिहायचं नव्हतं तेही लिहिते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, असं मी लग्नाआधीपासून धरून होते. आपल्या दोघींच्या तारखा पुढेमागेच आहेत. इंदुआत्या त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एका घरात दोन बाळंतिणी कधी ठेवत नाहीत. दवाखाना काढायचाय का?" मग आई मला म्हणाली, तुझ्या सासूबाई आहेत, तू शहाणी आहेस, पूर्वाला आई नाही.

तुला आई नाही हे मलाही माहीत आहे. त्यावर मला काही बोलताच येत नाही, हीच माझी अडचण आहे. जिला आई नाही तिच्यावर जळणारी बाई कशी असते ते मला आरशात दिसतं. पण मला आई आहे, गुलटेकडीला, दीड तासाच्या अंतरावर, आणि मला भीती वाटते आहे. माझं सगळं व्यवस्थित आहे आणि तरी मला रोज भीती वाटते. हे तिला कसं सांगायचं, ते तिने मला शिकवलं नाही.

म्हणून तुला विचारते. आपण दोघी आतल्या खोलीत मावू का? मी आईला म्हटलं तर तो लेकीचा हट्ट ठरेल. तू म्हणालीस तर आत्यांना उत्तर द्यायचं बळ तिला येईल. तुला नको वाटत असेल, तर तसं मला सरळ लिही. मी वाघोलीलाच राहीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. चहाचा याच्याशी संबंध लावू नकोस. उत्तर काहीही असलं तरी तो आजपासून बंद.

रक्त पुन्हा तपासलंस की आकडा मला तू कळव, आईकडून नको.

शेवटी 'आपल्या आईला नमस्कार' असं लिहायला घेतलं होतं. दोनदा खोडलं. अजून जमत नाही. तेवढं सांभाळून घे.

माझ्या आईला नमस्कार.

तुझी नणंद,
निकिता